कोंबड्याचा स्वभाव आणि माणसाचा राग

अंगावर येणारा कोंबडा राखणेला देऊन टाकावा, हा आमच्या वाडीतला जुना रिवाज. कुडाळ तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावांतून वर्षाला एकदा राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचाच असतो. बागेच्या कडेला, एखाद्या जुन्या झाडाच्या मुळाशी त्याची जागा असते. तिथे गाऱ्हाणं घालतात, कोंबडा देतात आणि मग घरात वडे-सागोती होते. द्यायचाच आहे, तर तापट कोंबडा दिलेला काय वाईट? पोरंबाळं निर्धास्त होतात आणि देवाचा मानही राहतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे आणि त्यात कोणाला वावगं दिसत नाही.

मला ते आता सरळ गिळता येत नाही. ज्या जिवाचा मला राग आला आहे, जो मला नकोसा झाला आहे, त्याला देवाच्या नावाने मारलं तर ते देणं देवाला पोचतं का? आणि देव क्षणभर बाजूला ठेवला, तरी स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वागणाऱ्या मुक्या प्राण्याला त्या स्वभावाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार मला कुठून आला? हे प्रश्न पुस्तकातले नाहीत. तसा एक कोंबडा आमच्या मागीलदारी आहे आणि त्याचं काय करायचं ते मलाच ठरवायचं होतं.

आमचं घर दोन ताटांचं. हे माळकरी आहेत, वारी करतात. मासळी-मटण दूरच, अंड्यालाही हात लावत नाहीत. माझ्या ताटात बांगडा असतो. सासूबाईंच्या वेळेपासून घरात गावठी कोंबड्या आहेत. अंडी आजूबाजूला विकली जातात, एखादी कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्लं. म्हणजे जीव पाळणं, जीव विकणं आणि जीव न मारण्याचं व्रत, हे तिन्ही एकाच छपराखाली नांदतं. याबद्दल आमच्यात कधी भांडण झालं नाही. या कोंबड्यामुळे पहिल्यांदा दोघांनाही नीट बोलावं लागलं.

तो रंगाने तांबडा, शेपटी काळी आणि तिच्यावर हिरवी झाक. अंगावर यायचा असला की आधी आडवा होतो. एक पंख जमिनीला घासेल इतका खाली सोडतो आणि तिरकी, बारीक पावलं टाकत जवळ येतो. आपल्याकडे त्याचं लक्षच नाही असं वाटावं. मग मानेवरची पिसं उभी राहतात, डोकं खाली जातं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दोन्ही पाय पुढे करून उडी घेतो. चोचीने तो टोचतो, पण खरी जखम होते ती पायाच्या मागच्या काट्याने. हा काटा बाहेरून नखासारखा टणक आणि आत हाडाचा असतो. वाढलेल्या कोंबड्याचा काटा कातडी सहज फोडून आत जातो.

शेजारची नात सुट्टीत आली होती. ती आमच्या खळ्यातून कोंबड्यांच्या मधून धावत गेली, हा मागे लागला, ती घाबरून आणखी पळाली. पोटरीत दोन भोकं पडली. वरून एवढीशी, पण आत खोल. साबण-पाण्याने खूप वेळ धुतलं, आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोर खाली पडली असती तर डोळाच होता. कोंबड्याने काय होणार, असं हसण्यावारी नेणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात एक वृद्ध बाई अंडी गोळा करत होती. कोंबड्याने तिच्या पायाच्या फुगलेल्या शिरेवर चोच मारली आणि रक्त वाहून ती गेली. न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात २०१९ साली ही घटना नोंदली गेली. तेव्हा पोरीच्या आजीचा संताप खोटा नव्हता आणि माझाही नव्हता. चुलीजवळचा लाकडाचा ढलपा माझ्या हातात होता. त्याला चांगली अद्दल घडवावी असं मला वाटलं, आणि ते वाटणं चांगलंच जोरदार होतं.

मग तीन सल्ले आले. शेजारीण म्हणाली, "वयनी, ह्यो कोंबो आता ठेव नको. राखणेक देऊन टाक. देवाचाय काम होतला, तुझाय." पलीकडच्या गावातला एक जण बातमी ऐकून आला. त्याने कोंबड्याचे पाय, छाती, मान निरखून पाहिली आणि चांगली किंमत बोलला. त्याला तो झुंजीला हवा होता. आणि हे म्हणाले, "मारू नको, विकूही नको. लांब रानात सोडून देऊ, त्याचं तो बघेल."

झुंजीचा सल्ला सगळ्यात आधी निकालात निघाला. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी दिला नसता. ज्या स्वभावाने माझ्या अंगणात एका पोरीचं रक्त काढलं, तोच स्वभाव दुसऱ्याच्या करमणुकीसाठी आणि पैजेच्या पैशांसाठी मी विकायचा? त्यात कोंबड्याचं हित नाही, माणसाचंही नाही.

रानात सोडण्याचा सल्ला वरवर दयेचा होता. पण पाळलेला कोंबडा रानात म्हणजे रात्रीपर्यंत कोल्ह्याच्या नाहीतर मुंगसाच्या तोंडी. आपल्या हाताने मान कापायची नाही आणि दुसऱ्याच्या दातांनी फाडू द्यायची, ही अहिंसा कशी? मी ह्यांना तसं विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरं आहे. आपला हात स्वच्छ राहावा एवढंच मी बघितलं." माळेचा मान राखणाऱ्या माणसाने हे कबूल करणं मला फार मोठं वाटतं.

राहिली राखण. तिच्याकडे वळण्याआधी कोंबड्याला नीट पाहायला हवं, कारण आपण ज्याला दोष म्हणतो तो त्याच्यात वेगळा काढून दाखवता येत नाही. उकिरड्यात त्याला एखादा जाडसर किडा सापडला, तर तो स्वतः खात नाही. कुक-कुक-कुक असा दबका आवाज काढतो, किडा चोचीत उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबड्या धावत येतात आणि एखादी तो घेऊन जाते. आकाशात घार फिरायला लागली की तो एक लांब, बारीक स्वर काढतो, आणि साऱ्या कोंबड्या काजूच्या खाली दडतात. मांजर किंवा मुंगूस जमिनीवरून आलं तर आवाज वेगळा, तुटक आणि मोठा. तेव्हा कोंबड्या दडत नाहीत, माना उंचावून बघतात. तो स्वतः मात्र मोकळ्यावर उभा असतो. ज्या पोरीला त्याने जखमी केलं ती त्याच्या दृष्टीने कळपात घुसलेली एक मोठी, धावती वस्तू होती. मुंगसाला जे केलं असतं तेच त्याने तिला केलं. राखणारा आणि मारणारा असे दोन कोंबडे त्याच्यात नाहीत.

थोर्लाइफ श्येल्देरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२० च्या आसपास एक गोष्ट मांडली. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते आणि प्रत्येक पक्षी आपली पायरी ओळखून असतो. पाच-सहा महिन्यांचा होऊन कोंबडा वयात आला की तो ही पायरी चाचपायला लागतो. हातावर वाढवलेलं, माणसाची भीतीच नसलेलं पिल्लू मोठेपणी अधिक अंगावर येतं, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे, कारण माणूस त्याला आपल्याच कळपातला वाटतो. जो पळतो तो खालचा. जो लाथ मारतो तो लढायला उतरलेला. या दोन्हींतून त्याला एकच अर्थ कळतो: भांडण चालू आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन श्लोक लागोपाठ आहेत. पहिल्यात भगवान सांगतात की प्राणिमात्र आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, ज्ञानी माणूससुद्धा. तिथे बळजबरी काय करणार? एवढंच वाचून थांबलं तर कोंबडाही सुटतो आणि मीही सुटते. तो त्याच्या स्वभावाने अंगावर आला, मी माझ्या स्वभावाने ढलपा उचलला. पण लगेच पुढचा श्लोक येतो: इंद्रियांच्या विषयात आसक्ती आणि द्वेष दबा धरून असतात, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. ही ताकीद कोंबड्याला देता येत नाही. ती ऐकू शकणारा प्राणी आमच्या परसात मी एकटीच होते. म्हणून पापपुण्याचा प्रश्न त्याच्यापाशी उभाच राहत नाही. तो माझ्यापाशी येतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी शिरोळ तालुक्यात शिक्षिका होते. एका जैन शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहायचे. त्या घरातल्या आजी चातुर्मासात यशोधराची कथा सांगायच्या. कथा फार जुनी. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' हे चंपूकाव्य तिच्यावर संस्कृतात लिहिलं, त्याच शतकात पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात सांगितली, आणि १२०९ मध्ये जन्न कवीने कन्नडात. उज्जयिनीच्या यशोधर राजाला अरिष्ट टळावं म्हणून त्याची आई देवीपुढे बळी द्यायला सांगते. राजा नको म्हणतो. आई हट्ट सोडत नाही. शेवटी तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. रक्त नाही, जीव नाही, आईचं मन राखलं जातं. राजा पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवतो, पण चालवताना मनात मारण्याचा संकल्प असतो. तेवढ्यावरून मायलेक जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरतात, पुन्हा पुन्हा मारले जातात आणि एका जन्मात कोंबडीच्या जातीत येऊन राजाच्याच मुलाच्या बाणाने मरतात.

तेव्हा मला ही कथा अतिरेकी वाटायची. पिठाच्या गोळ्याची एवढी शिक्षा? आजी म्हणायच्या, "अगं, पीठ मेलं नाही. दया मेली." त्या वाक्याचा अर्थ हातात ढलपा असताना उमगला. हत्या हाताने होते त्याआधी मनात घडून गेलेली असते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं जे विस्तृत विवेचन आहे, त्याचाही रोख हाच आहे: मनात जे उगवलं नाही ते वाणीत आणि हातापायांत येणार नाही, म्हणून अहिंसा आधी मनात उतरली पाहिजे. जैन आजी आणि आमच्या घरातली वारकऱ्यांची पोथी इथे एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात.

पण या विचारात एक धोका आहे आणि तो मला टाळायचा नाही. सगळं मनावरच असेल, तर शांत मनाने मारलेलं माफ, असा सोपा निष्कर्ष कोणीही काढेल. तसं नाही. जैन शास्त्र भावहिंसा आणि द्रव्यहिंसा या दोन्हींना हिंसा म्हणतं, ते यासाठीच. मी कितीही शांत असले तरी कोंबडा मरतो तो पूर्ण मरतो. माझ्या शांतीने त्याची वेदना कमी होत नाही. रागाने मारण्यात त्या मरणावर माझ्या मनाचा आणखी एक बिघाड चढतो, एवढाच फरक. आणि रागाने मारून वर देवाचं नाव घेतलं, तर तिसरी चूक होते: मी खोटं बोलते, तेही राखणदाराच्या समोर.

राखण देणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी पापी म्हणत नाही. वर्षभर ज्याच्या भरवशावर रात्री-बेरात्री बागेतून चालायचं, त्याला घरातलं काही अर्पण करावं, ही भावना मी मानते. मी लहानपणापासून त्या गाऱ्हाण्यासमोर हात जोडून उभी राहिले आहे. देशाच्या कायद्यानेही धर्मरीतीने केलेल्या प्राणीहत्येला वेगळं ठेवलं आहे. माझा आक्षेप फक्त निवडीला आहे. अर्पण म्हणजे जे गेल्याने आपल्या घरात उणीव जाणवते ते. आपल्या डोक्याचा ताप देवाच्या दारात टाकून मोकळं होणं याला अर्पण कसं म्हणायचं? शिळं अन्न नैवेद्याला चालत नाही हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मग ज्याला शिव्या देत धरून आणलं त्या कोंबड्याच्या बाबतीत हा नियम कसा विसरतो?

म्हणून मी शेजारणीला सांगितलं की हा कोंबडा राखणेला जाणार नाही. ती रागावली, आणि तिचा हक्क होता. मला तिच्या नातीच्या पायाचं उत्तर द्यायचं होतं. अहिंसेचं नाव घेऊन मी हात बांधून बसले असते, तर पुढच्या पोराची जखम माझ्या खात्यावर आली असती. अहिंसा म्हणजे काही न करणं नव्हे. पाळणाऱ्याच्या घरी ती रोजच्या कामाचं रूप घेते.

ते काम असं. आंब्याखाली बांबूच्या कामट्यांचं उंच कुंपण घालून कोंबड्याला वेगळी जागा केली. तिथून त्याला कळप दिसतो, दोन-तीन थोराड कोंबड्या आळीपाळीने त्याच्याबरोबर असतात, पण खळ्यात येणाऱ्या माणसाशी त्याची गाठ पडत नाही. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असल्या तर त्यांच्या पाठी सोलवटत नाहीत. आमच्याकडे तेवढ्या नव्हत्या, म्हणून ही पाळी. कुंपणात लहान मुलाने जायचं नाही, मोठं माणूस बरोबर असलं तरी नाही. या नियमाला सूट नाही. आम्ही आत जातो तेव्हा हातात सूप असतं. तो आडवा झाला की सूप मध्ये धरून तिथेच उभं राहायचं. मागे सरायचं नाही, पाठ फिरवायची नाही, मारायचं नाही, ओरडायचं नाही. थोड्या वेळाने तो मान फिरवतो, जमिनीवर टोचायला लागतो. त्यानंतरच आपण हलायचं. कणी आधी लांब फेकायची आणि मग पाणी बदलायला जायचं. काही बघायचं-करायचं असेल तर रात्री; अंधारात कोंबडा अगदी गरीब होतो. काखेत धरून कानशीने काट्याचं फक्त टोक बोथट करता येतं. खोल जायचं नाही, आत जिवंत हाड आणि रक्त असतं. त्याच्यापासूनची अंडी आम्ही खुडूक कोंबडीखाली ठेवत नाही, कारण हा ताव पिल्लांत उतरतो. पिल्लांसाठीची फलित अंडी दुसऱ्या, शांत कोंबड्याच्या कळपातून आणतो. नुसत्या खाण्याच्या अंड्यांना तर कोंबड्याची गरजच नसते.

या कामात सूप धरून उभं राहणं सगळ्यात अवघड. समोरचा अंगावर येतो आहे, आपल्या हातात बळ आहे, आणि तरी त्याला हरवायचं नाही, स्वतःही हरायचं नाही. पहिल्या काही वेळा माझ्या दंडाला कंप सुटायचा. जपाला बसल्यावर जे मला कधी साधलं नाही ते तिथे थोडंफार साधलं: राग येताना दिसतो, थोडा वेळ थांबतो आणि आपण काही केलं नाही तर निघून जातो. ह्यांनीही सूप धरायला सुरुवात केली. पूर्वी ते कोंबड्यांच्या बाजूला फिरकत नसत. आता म्हणतात, माळ घालणं सोपं होतं, हे कठीण आहे.

तमिळ परंपरेतल्या स्कंदाच्या कथेत सूरपद्म असुर शेवटी दुभंगतो. त्याच्या एका भागाचा मोर होतो, दुसऱ्याचा कोंबडा, आणि दोघे पुन्हा देवावर चाल करून जातात. देव त्यांना मारत नाही. मोर त्याचं वाहन होतो आणि कोंबडा त्याच्या ध्वजावर जाऊन बसतो. अंगावर येणाऱ्याला नाहीसं करण्याआधी त्याला जागा नेमून देता येते का हे बघावं, एवढा आधार मी या कथेतून घेते.

तरीही उद्या कुंपण अपुरं पडलं, सूप अपुरं पडलं आणि एखाद्या पोराच्या डोळ्यावर बेतायची वेळ आली, तर कोंबडा मारावा लागेल. माणसाचं मूल आणि कोंबडा यांत मी मूल निवडीन, आणि या बाबतीत माझ्या मनात शंका नाही. फक्त तो निर्णय घटनेच्या दिवशी घेणार नाही. राग ओसरू देईन. मुलांच्या डोळ्यांआड, जाणत्या हाताने, क्षणात होईल असं बघेन. आणि त्या वेळी राखणदाराचं नाव घेणार नाही, गीतेचंही नाही. मी मारला, मुलांसाठी मारला, असं सरळ म्हणेन.

या वर्षी आमच्या घरची राखण नारळाची झाली. काही घरांना हे पटलं नाही, काहींनी पुढच्या वर्षी विचार करू म्हटलं. ज्यांना कोंबडाच द्यायचा आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी कळपातला देखणा, शहाणा, पोरांनी नाव ठेवलेला कोंबडा द्यावा आणि देताना हात थरथरतो का ते पाहावं. थरथरला तर ते देणं खरं आहे, आणि मग द्यावं की नाही याचा विचारही पहिल्यांदा खरा सुरू होईल.